ऑगस्ट नावाच्या महिन्यात

ऑगस्ट. हे नाव एकदा सावकाश उच्चारा. घाईत तारीख सांगताना उच्चारतो तसे नव्हे. एखाद्या माणसाचे नाव पहिल्यांदा ऐकावे आणि त्याच्याकडे बघत ते पुन्हा म्हणावे, तसे. मग थोडा वेळ काहीच करू नका. श्वास मोजू नका, मन आवरू नका. ते नाव मनात कुठे जाऊन टेकते एवढेच पाहा. कुणाला झेंडा दिसेल, कुणाला पाऊस, कुणाला शाळेचे ओले मैदान. जे दिसेल ते असू द्या.

या मननासाठी आपण लाखांदूरला जाऊ. भंडारा जिल्ह्याच्या दक्षिणेकडचा हा तालुका. वैनगंगा याच्या कडेने वाहते आणि चुलबंद नदी याच परिसरात तिला येऊन मिळते. नदीपलीकडे गडचिरोली जिल्ह्यातले देसाईगंज, ज्याला सगळे वडसाच म्हणतात, आणि चंद्रपूर जिल्ह्यातले ब्रह्मपुरी. तुम्ही हे वाचताना पुण्यात असाल, दुबईत असाल किंवा याच तालुक्यात बारव्ह्याच्या, दिघोरीच्या एखाद्या घरात असाल. कुठेही असा, मनाने एका धानाच्या बांधीच्या धुऱ्यावर या. धुरा ओला आहे, पाय जपून ठेवा. समोर पाण्याने भरलेल्या बांध्या आहेत, काही हिरव्या, काही अजून मातकट. महिना ऑगस्ट. बसा.

आता या नावाच्या पहिल्या धन्याकडे पाहू. एका काळी या महिन्याला धनीच नव्हता. रोमच्या जुन्या पंचांगात वर्ष मार्चपासून मोजत आणि त्या मोजणीत हा सहावा, म्हणून त्याला सेक्स्टिलिस म्हणत. नुसता क्रमांक. इ.स.पू. ८ मध्ये रोमच्या सिनेटने ठराव केला आणि त्या क्रमांकाच्या जागी एका जिवंत माणसाचे नाव आले. तेही त्याचे जन्मनाव नव्हते. जन्मला तेव्हा तो गायस ऑक्टेव्हियस होता, ज्यूलियस सीझरने मृत्युपत्रात दत्तक घेतल्यावर सीझर झाला, आणि यादवी युद्धांनंतर सगळी सत्ता हाती आल्यावर, इ.स.पू. २७ च्या जानेवारीत, सिनेटने त्याला ऑगस्टस ही पदवी दिली. पूजनीय, थोर, देवाच्या आशीर्वादाने वाढलेला, असा सगळा अर्थ त्या पदवीत होता. त्याचा जन्म सप्टेंबरातला. आपल्या नावासाठी जन्माचा महिना त्याला सहज घेता आला असता. त्याने तो घेतला नाही, विजयांचा महिना घेतला.

सिनेटच्या ठरावात कारणे दिली होती. याच महिन्यात तो पहिल्यांदा कॉन्सल झाला. याच महिन्यात त्याच्या विजययात्रा रोममध्ये शिरल्या. याच महिन्यात इजिप्त रोमच्या ताब्यात आला. याच महिन्यात यादवी संपली. यातल्या इजिप्तपाशी जरा थांबा. इ.स.पू. ३० च्या १ ऑगस्टला अलेक्झांड्रिया पडले. ऑगस्टसचा प्रतिस्पर्धी अँटनी मेला, काही दिवसांत इजिप्तची राणी क्लिओपात्राही मेली. नाटककारांनी पुढे या दोन मृत्यूंवर खूप लिहिले. रोमला मात्र त्या दिवशी मिळाली ती नाईलकाठची काळी जमीन आणि तिच्यातले धान्य. त्यानंतर दरवर्षी अलेक्झांड्रियाहून गव्हाची जहाजे इटलीकडे निघत. रोममधल्या सुमारे दोन लाख नागरिकांना धान्य फुकट वाटले जाई, आणि त्यातले बरेच नाईलच्या शेतकऱ्याने पिकवलेले असे. त्या शेतकऱ्याचे नाव कोणत्याही महिन्याला मिळाले नाही.

हे मनात ठेवा आणि समोरच्या बांधीकडे पुन्हा पाहा. एक धान्याचा देश जिंकल्याबद्दल ज्या महिन्याला नाव मिळाले, त्याच महिन्यात इथे धान रोवले जात आहे. मला या जुळणीपाशी बराच वेळ रेंगाळावेसे वाटते. इतिहासात कुठे या दोन गोष्टींची गाठ नाही. सम्राटाने लाखांदूर ऐकले नव्हते आणि रोवणी करणाऱ्या बाईने सम्राट ऐकलेला नाही. गाठ आहे ती आपल्या मनात, आपण आत्ता बांधलेली. मनन म्हणजे याहून वेगळे काय असते?

एक चुकीची समजूत मात्र वाटेतून बाजूला करू. ऑगस्टसने आपल्या महिन्याला मोठेपण यावे म्हणून फेब्रुवारीचा एक दिवस चोरला, ही गोष्ट लहानपणापासून ऐकवली जाते. ती फार नंतरच्या काळात रचलेली आहे. ज्यूलियस सीझरच्या पंचांग-सुधारणेपासूनच या महिन्याला ३१ दिवस होते. ज्याने इजिप्त घेतला त्याच्यावर एका दिवसाची चोरी लादायची गरज नाही.

ऑगस्टस रोममध्ये राज्य करत होता तेव्हा इथे काय होते, हेही मनाशी आणा. लाखांदूरच्या शेजारच्या तालुक्यात, वैनगंगेच्या काठी, पवनी आहे. तिथे १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठाने आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने उत्खनन केले. शां. भा. देव आणि जे. पी. जोशी यांनी त्या कामाचा अहवाल लिहिला. मातीखालून बौद्ध स्तूप निघाले, त्यांचे कोरीव कठडे निघाले, दान देणाऱ्यांची नावे निघाली. हे बांधकाम ऑगस्टसच्या जन्माआधीचे आहे. म्हणजे तिकडे सेक्स्टिलिसचा ऑगस्ट होत होता तेव्हा इकडे वैनगंगेकाठी माणसे दगडावर आपापली साधी नावे कोरून घेऊन मोकळी झाली होती. त्या नावांनी कुठला महिना मागितला नाही. दान दिले एवढेच ती सांगत राहिली.

आता थोडा वेळ फक्त रोवणी पाहू. घाई नको.

मृगात पऱ्हे टाकले होते. बियाणे दाट पडले, उगवले, वीतभर वाढले. मग बांधीत पाणी साचले, चिखलणी झाली, ढेकूळ विरघळून मातीची मऊ साय झाली. सकाळी माणसे पऱ्हे उपटतात, मुळांची माती पाण्यात धुतात, पेंढ्या बांधतात आणि बांधीत ठिकठिकाणी फेकतात. बाया ओळीने उभ्या राहतात. वाकतात. डाव्या हातात पेंढी, उजव्या हाताने दोन-तीन रोपे सोडवायची, अंगठा आणि बोटांनी चिखलात दाबायची, हात काढून घ्यायचा, पुन्हा. पाय मागे मागे सरकतात. पुढे जाऊन रोवले तर रोवलेलेच तुडवले जाईल, म्हणून सगळी ओळ मागे जाते आणि तिच्यासमोर हिरवे वाढत जाते.

एका हाताकडे लक्ष द्या. चेहऱ्याकडे नको, फक्त हाताकडे. रोप चिखलात जाते तो क्षण पाहा. खोल गेले तर फुटवे कमी येतात, वर राहिले तर तरंगते. किती खोल ते त्या बोटांना माहीत आहे. ते कुणी मोजून शिकवलेले नाही. आईच्या शेजारी उभे राहून ते हातात आले आहे. दिवसभरात असे किती वेळा होते? आपण मोजायला जाऊ नये. मोजायला लागलो की हात दिसेनासा होतो.

संध्याकाळी पाठ सरळ होत नाही. बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात, रात्री त्यांना तेल-हळद लागते. कुठे रोजीने काम असते, कुठे गुत्त्याने. पाऊस लांबला तर पऱ्हे जागेवरच म्हातारे होतात आणि मग सगळ्या गावाची रोवणी एकाच आठवड्यात येते, बाया मिळत नाहीत, शेजारच्या गावांतून गाड्या भरून आणाव्या लागतात. पाण्याचा भरवसा ज्यांना आहे ते थोडे निवांत असतात. हा भरवसा इथे जुना आहे. भंडारा-गोंदियाच्या या पट्ट्यात कोहळी समाजाने पिढ्यान्‌पिढ्या तलाव बांधले. पुढे मालगुजारांच्या नावाने ते ओळखले गेले आणि आता कागदोपत्री ‘माजी मालगुजारी’, म्हणजे बोलण्यात मामा तलाव झाले. गाढवी नदीवरच्या इटियाडोह धरणाचा कालवाही लाखांदूरच्या शेतांपर्यंत येतो. तलावाची पाळ कुणी बांधली, कुणाच्या नावावर लागली आणि आज तिला कुणाच्या नावाने हाक मारतात, हे तिन्ही वेगळे. ऑगस्टच्या नावासारखेच.

रोममध्ये याच दिवसांत काम थांबत असे. इ.स.पू. १८ मध्ये ऑगस्टसने आपल्या नावाची सुट्टी सुरू केली. कापणी झालेली, बैलांना मोकळीक, मजुरांना विसावा. इटलीत आजही १५ ऑगस्टला त्या सुट्टीच्याच नावाने दुकाने बंद होतात आणि माणसे समुद्राकडे जातात. ख्रिस्ती लोकांसाठी तोच दिवस मारियामातेच्या स्वर्गारोहणाचा. लाखांदूरचा मजूर मात्र १५ ऑगस्टला सकाळी झेंड्याला सलाम करून, हातात खाऊची पुडी घेतलेल्या लेकराला घरी सोडून, दहाच्या आत बांधीत असतो. एकाच नावाखाली तिकडची विश्रांती आणि इकडची सर्वांत जास्त मेहनत शेजारी शेजारी बसलेली आहे. दोन्ही खऱ्या आहेत. त्यांना एकमेकांशी भांडू देऊ नका, नुसते शेजारी बसू द्या.

आता मान वर करा. बगळे बांधीवरून उडत असतील. नशीब असेल तर दूरच्या बांधीत सारसांची जोडी. भंडारा-गोंदियाच्या धानशेतीत सारस अजून आहेत, फार थोडे उरले आहेत, पण आहेत. ऑगस्टस या पदवीचा एक धागा पक्ष्यांकडे जातो. रोममध्ये कुठलेही मोठे काम करण्याआधी शकुन पाहणारे पुरोहित आकाशातल्या पक्ष्यांची दिशा पाहत, आणि जी जागा अशा शकुनाने पवित्र झाली तिला हेच विशेषण लावत. दुसरा धागा वाढण्याकडे जातो. वाढवणे या अर्थाचा जो प्राचीन धातू आहे, त्याच्यापासूनच संस्कृतातले ओजस् आले असे भाषेचे अभ्यासक सांगतात. एवढे ऐकून ठेवा आणि सोडून द्या. पक्षी समोर आहेत, रोपे समोर आहेत, आणि दोन्ही त्या पदवीपेक्षा जुनी आहेत.

पण एका ध्वनीपाशी मला तुम्हाला थांबवायचे आहे. भंडाऱ्याला हिंदीचा शेजार आहे, बालाघाट लागूनच. बाजारात, रेडिओवर, मजुरांच्या बोलण्यात हा महिना अगस्त होतो. अगस्त म्हणजे अगस्ती ऋषीही. दोन्ही नावांचा एकमेकांशी काही संबंध नाही. एक लॅटिन, एक वैदिक. पण कानाला कुळ कळत नाही, आणि लोकांनी ही दोन नावे एकत्र ऐकली तर त्यात मला अडाणीपणा दिसत नाही. कारण आकाशात ती खरोखर जवळ आहेत. पावसाळाभर न दिसणारा अगस्तीचा तारा ऑगस्ट सरता सरता पहाटे दक्षिणेकडे, क्षितिजापासून फार वर नाही असा, पुन्हा दिसू लागतो. ढग असले तर दिसत नाही, आणि या दिवसांत ढग असतातच. आपल्या जुन्या परंपरेत अगस्तीचा उदय झाला की गढूळ पाणी निवळते असे मानत आले. कालिदासालाही हे माहीत होते, रघुवंशात त्याने ते रघूच्या शरदाशी जोडले आहे.

आणि अगस्ती तर विदर्भाचा जावई. महाभारतातल्या कथेप्रमाणे लोपामुद्रा विदर्भराजाच्या घरी वाढली, राजवैभवात वाढली, आणि वल्कले नेसून या ऋषीमागे गेली. ऋग्वेदात तिच्या नावाने ऋचा आहेत. तिथे ती आपल्या नवऱ्याला सांगते आहे की वर्षानुवर्षे राबून मी थकले, म्हातारपण देह झिजवते आहे. लाखांदूरच्या बांधीत वाकलेल्या बायांकडे पाहत लोपामुद्रेचे हे थकणे आठवा. ऑगस्टसच्या नावात मला विजय ऐकू येतो. अगस्तीच्या नावाशेजारी एका विदर्भकन्येचे थकणे ऐकू येते. ज्या कानांनी ही दोन नावे एक केली, त्यांनी नकळत या महिन्यात एक बाई आणून बसवली.

पुढे जाऊ. इथल्या शेतकऱ्याच्या मनात ऑगस्ट एकटा येत नाही. त्याच्यासोबत श्रावण येतो आणि नक्षत्रे येतात, आणि या तिघांची चाल वेगवेगळी आहे. श्रावण चंद्राचा. तो दरवर्षी सरकतो. २०२३ मध्ये अधिक श्रावण आला, १८ जुलै ते १६ ऑगस्ट, आणि निज श्रावण त्यानंतर; पोळा गेला थेट १४ सप्टेंबरला. २०२५ मध्ये तोच पोळा २२ ऑगस्टला आला. नक्षत्रे सूर्याची. आश्लेषा ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात लागते, मघा १७ तारखेच्या आसपास, महिना संपता संपता पूर्वा. शेतकरी पावसाला नक्षत्राच्या नावाने ओळखतो, सण श्रावणाच्या तिथीने करतो, आणि कर्जाचा हप्ता ऑगस्टच्या तारखेला भरतो. तिन्ही कालगणना एकाच माणसात राहतात आणि त्याला कधी त्यांचा गोंधळ होत नाही.

ऑगस्ट हे नाव इथल्या कारभारात पक्के बसले ते नागपूरकर भोसल्यांचे राज्य १८५४ मध्ये खालसा झाल्यानंतर. साहेबाच्या कचेरीबरोबर ते आले आणि जमिनीच्या कागदात घुसले. आजही महाराष्ट्रात महसुली वर्ष १ ऑगस्टला सुरू होते आणि ३१ जुलैला संपते. १ ऑगस्ट हा महसूल दिन म्हणून पाळतात. म्हणजे गुढीपाडवा, दिवाळी, जानेवारी यांच्याशिवाय तलाठ्याच्या दप्तरात एक चौथे नवे वर्ष आहे, आणि ते ऑगस्टच्या पहिल्या तारखेला उगवते, ज्या तारखेला अलेक्झांड्रियाचे दरवाजे उघडले होते. हा योगायोग आहे. पण जमीन, पीक आणि वसुली ही त्रयी या महिन्याला दोन हजार वर्षे चिकटून आहे, हे मी तरी नुसता योगायोग म्हणून सोडू शकत नाही.

आता आवाज थोडा वाढेल. १९४२. ८ ऑगस्टला मुंबईत गवालिया टँकवर ‘छोडो भारत’चा ठराव झाला, ९ तारखेच्या पहाटे नेते पकडले गेले, आणि अरुणा असफ अलींनी त्याच मैदानावर झेंडा फडकावला. त्या मैदानाला आज ऑगस्ट क्रांती मैदान म्हणतात. लाखांदूरपासून मुंबई दूर, पण आग जवळ आली. याच जिल्ह्याच्या उत्तरेला तुमसरला त्या ऑगस्टमध्ये पोलिसांनी गोळीबार केला आणि माणसे पडली. नदीपलीकडे, ब्रह्मपुरीच्याही पुढे, चिमूरला १६ ऑगस्टला, नागपंचमीच्या दिवशी, लोक उठले. तुकडोजी महाराजांच्या भजनांनी ती माणसे तयार झाली होती. गोळीबारात बालाजी रायपूरकर हा मुलगा गेला. जमावाच्या हातून अधिकारी मारले गेले. मग लष्कर आले, पुरुष धरून नेले आणि मागे राहिलेल्या बायांवर अत्याचार झाले. त्याची चौकशी व्हावी म्हणून प्राध्यापक भन्साळींनी ६३ दिवस उपवास केला. फाशीच्या शिक्षा झालेल्यांना वाचवण्यासाठी नागपूरच्या अनसूयाबाई काळे झटल्या.

इथे थांबा. बराच वेळ थांबा. चिमूरच्या त्या घरांतल्या बायांची नावे आपण घेत नाही, घेऊही नयेत. पण नागपंचमीच्या दिवशी त्या काय करत होत्या ते मनाशी आणा. कुठे नागाचे चित्र भिंतीवर काढलेले असेल, चुलीवर काही शिजत असेल. त्या दिवशी चिरत नाहीत, तळत नाहीत, जमीन खणत नाहीत. कुणा जिवाला इजा होऊ नये म्हणून. आणि त्यानंतरच्या दिवसांत त्यांच्या दारात बूट आले. ऑगस्ट म्हणताना झेंड्याच्या आधी मला हे दार दिसते. सम्राटाने हा महिना विजयासाठी घेतला होता. चिमूरने तो सोसण्यासाठी घेतला, आणि पाच वर्षांनी याच महिन्यात देश स्वतंत्र झाला तेव्हा त्या सोसण्याचा अर्थ कुणाला कितपत कळला, हा प्रश्न अजून उघडा आहे. तो उघडाच ठेवून आपण उठू.

१५ ऑगस्टला गावोगाव ग्रामसभा भरते. ऑगस्टचा हा अर्थ लहान वाटतो, मला तो फार मोठा वाटतो. प्रभातफेरी झाली, राष्ट्रगीत झाले, की चावडीवर किंवा शाळेच्या खोलीत माणसे बसतात. घरकुलाच्या यादीवरून, तलावाच्या लिलावावरून, रस्त्यावरून आवाज चढतात. रोवणीच्या दिवसांत सभा असल्याने कोरम पुरा होत नाही, सभा तहकूब होते, हेही नेहमीचे. २०२१ च्या १५ ऑगस्टपासून राज्यभर शेतकरी आपल्या पिकाची नोंद स्वतः मोबाइलवरून करू लागला, ई-पीक पाहणी. रेंज येते तिथे उभे राहून बांधीचा फोटो काढायचा, धान लिहायचे. ज्या महिन्याला एका सिनेटने एका माणसाचे नाव बहाल केले, त्या महिन्यात एक अल्पभूधारक आपल्या एकरभर बांधीविषयी स्वतः लिहितो, की हे मी पेरले आहे.

पाण्याचाही एक ऑगस्ट आहे. २०२० च्या ऑगस्टचे शेवटचे दिवस. मध्य प्रदेशात धो धो पाऊस पडला, तिथल्या संजय सरोवर धरणातून पाणी सोडले गेले, वैनगंगा फुगली आणि भंडारा, पवनी, लाखांदूरकडे काठ सोडून आत आली. रोवणी होऊन रोपे नुकती रुजलेली. ती पाण्याखाली गेली आणि पाणी ओसरल्यावर वर गाळ राहिला. आधीच टाळेबंदीचे वर्ष. त्या काठच्या माणसाला ऑगस्ट म्हणा, त्याच्या डोळ्यांत आधी नदी येईल. त्याच्यापुढे आपला झेंडा, आपला श्रावण, आपला रोमन इतिहास काही मांडू नका. त्याच्याशेजारी उगाच बोलू नका. नुसते बसा.

महिन्यांना आपले नाव देऊ पाहणारे रोमन सम्राट आणखीही होते. कॅलिग्युलाने सप्टेंबरला आपल्या बापाचे नाव दिले. नीरोने एप्रिल घेतला. डोमिशियनने सप्टेंबर आणि ऑक्टोबर. कोमोडसने तर बाराही महिने आपल्या नावांनी आणि बिरुदांनी भरून टाकले. ते मेले आणि नावे पुसली गेली. टायबेरियसने मात्र सिनेटला नकार दिला. तेरा सीझर झाले तर काय करणार, असे त्याने विचारले म्हणतात. सप्टेंबर अजून नुसता सातवा आहे, ऑक्टोबर आठवा, आणि नवव्या-दहाव्या जागांवर बसूनही त्यांना त्याचे काही वाटत नाही.

ऑगस्टचे नाव कशामुळे टिकले? ऑगस्टसने दीर्घकाळ राज्य केले, त्याच्यामागे शांतता राहिली, चर्चने रोमचे पंचांग उचलले, युरोपच्या जहाजांनी ते जगभर नेले. ही कारणे खरी आहेत. पण कारणांनी नाव फक्त पोचते. ते जिवंत राहते, कारण ज्यांना त्या माणसाचा पत्ता नाही अशा लोकांनी त्यात आपले रोवणे, आपले मरणे, आपला पूर आणि आपला झेंडा घातला. ऑगस्टसने मागितलेला मान त्याला लाखांदूरमध्ये कुणीच देत नाही, आणि तरी त्याचे नाव तिथे रोज घेतले जाते. यात त्याची फजिती आहे असे मला वाटत नाही. नावाची ती सुटका आहे.

आता शेवटची बैठक. ऑगस्टसच्याच नावावरून आलेले आणखी एक नाव आहे, ऑगस्टीन. उत्तर आफ्रिकेतला हा बिशप ४३० मध्ये वारला, २८ ऑगस्टला. तोच त्याचा सणाचा दिवस. त्याच्या नावाच्या साधूंनी १५७२ मध्ये गोव्यात येऊन टेकडीवर मोठे चर्च बांधले. आज त्याचा एक मनोरा जुन्या गोव्यात एकटा उभा आहे. या ऑगस्टीनने काळाविषयी फार कळकळीने विचार केला. त्याचे म्हणणे असे, की भूत आणि भविष्य कुठेतरी बाहेर साठवलेले नाहीत. जे झाले ते आत्ताच्या स्मरणात आहे, जे आहे ते आत्ताच्या लक्षात आहे, जे येणार ते आत्ताच्या अपेक्षेत आहे. तिन्ही आत्ताच, मनातच. आपण त्याची वाट एकदा चालून पाहू.

स्मरण घ्या. तुमच्या घरात ऑगस्टचे काय आहे? कुणाचा जन्म, कुणाचे जाणे, कुणाची बदली, शाळेत झेंडावंदनाला पावसात भिजलेला गणवेश. एकच घ्या. त्याला सजवू नका. आजोबांना विचारता आले तर आज विचारा, की तुमच्यासाठी ऑगस्ट म्हणजे काय. पुस्तकात नसलेला अर्थ त्यांच्याकडे असेल.

लक्ष घ्या. समोरची बांधी. पाणी किती आहे, धुरा कुठे फुटला आहे, रोपांची पाने पिवळी पडली आहेत की हिरवी धरली आहेत. रोवणी झाल्यावर काही दिवस रोप मलूल दिसते, मग धरते. जाणता शेतकरी या दिवसांत रोज एक फेरी मारतो. काही करायला नसले तरी मारतो.

आणि अपेक्षा. रोवणाऱ्या बाईची अपेक्षा आहे शनिवारी मजुरी मिळावी. बांधीच्या मालकाची अपेक्षा आहे मघात पाऊस पडावा, मावा-तुडतुडे येऊ नयेत, दिवाळीच्या सुमारास हलके धान कापणीला यावे, आधारभूत खरेदी केंद्र वेळेवर उघडावे, वजनात कटती होऊ नये, पैसे खात्यात लवकर यावेत, आणि यंदा बोनस जाहीर व्हावा. यातले काहीही अजून घडलेले नाही. सगळे आत्ता आहे, ऑगस्टमध्ये, चिखलात दोन-तीन रोपांच्या जुडीने दाबलेले.